गाठीमागे एक रुपया: मुंबईतल्या परवडणाऱ्या घरांच्या पैशाचा आढावा

१९२० च्या सुमारास मुंबई सरकारनं शहरात येणाऱ्या कापसाच्या दर गाठीमागे एक रुपया कर बसवला. गव्हर्नर होते जॉर्ज लॉइड. त्या रुपयाच्या आणि विकासकर्जाच्या जोरावर ‘बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट’ नावाचं खातं उभं राहिलं आणि त्या खात्यानं वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी इथं कामगारांसाठी २०७ चाळी बांधल्या. त्याच या बीडीडी चाळी. मनसुबा पन्नास हजार खोल्यांचा होता, झाल्या साडेसोळा हजारांच्या आसपास. १६० चौरस फुटांची खोली, मजल्यावर वीस बिऱ्हाडं, संडास सामाईक. सुरुवातीला त्या सिमेंटच्या खोल्यांना भाडेकरूही मिळेनात, कारण भाडं गिरणी कामगाराच्या पगाराला जड जात होतं. खात्याच्या कारभारावर मुंबईतले वकील-नेते के. एफ. नरिमन यांनी घणाघाती टीका केली.

एवढं सगळं मान्य करूनही मला त्या रुपयाबद्दल आदर वाटतो. ज्या धंद्यानं माणसं शहरात ओढून आणली, त्याच धंद्यानं त्यांच्या डोक्यावरच्या छपराचा थोडा भार उचलावा, असा साधा हिशेब त्यामागे होता. पैसा कुठून येणार हे ठरलेलं होतं, तो रोख होता आणि दरवर्षी येणार होता. गेल्या शंभर वर्षांत मुंबईत घरांसाठी मोर्चे निघाले, निवडणुका लढवल्या गेल्या, सर्वोच्च न्यायालयापर्यंत खटले गेले. इतका सरळ प्रश्न मात्र फार थोड्यांदा विचारला गेला: गरिबाच्या घराचा पैसा दरवर्षी नेमका कुठल्या खात्यातून निघणार?

त्याच काळात व्हिएन्नातही हाच प्रश्न होता. तिथल्या नगरपालिकेचे अर्थप्रमुख ह्यूगो ब्राइटनर यांनी १९२३ मध्ये घरबांधणी कर लावला. घर जितकं मोठं आणि आलिशान, तितका दर चढा. वसुलीचा मोठा वाटा मोजक्या श्रीमंत घरांकडून येत असे. १९३४ पर्यंत त्या पैशांतून आणि नगरपालिकेच्या इतर उत्पन्नातून साठ हजारांवर भाड्याची घरं उभी राहिली आणि ती आजही नगरपालिकेच्या ताब्यात आहेत. आपला गाठीचा रुपया मात्र पुढे कुणी जपला नाही. सरकारी खातं पहिल्याच अनुभवानं पोळलं आणि सार्वजनिक पैशातून घर बांधणं म्हणजे बुडीत धंदा, ही समजूत इथं रुजली.

स्वातंत्र्यानंतर दोन वाटा निघाल्या. १९४८ च्या कायद्यानं हाउसिंग बोर्ड आलं. केंद्राचं अनुदान आणि कर्ज घेऊन बोर्डानं विक्रोळीचं कन्नमवार नगर, कुर्ल्याचं नेहरू नगर, चेंबूरचं टिळक नगर अशा वसाहती उभारल्या. मुंबईतला मराठी कामगार आणि कारकून जो काही टिकून राहिला, तो या वसाहतींमुळे. या कामाचं मोल आपण कमी लेखतो.

दुसरी वाट भाडेनियंत्रणाची. १९४७ च्या कायद्यानं जुनी भाडी गोठवली. भाडेकरू वाचला, पण खर्च गेला मालकाच्या अंगावर. मालकानं डागडुजी सोडली, पागडीचा व्यवहार फोफावला आणि गिरगाव-परळच्या चाळी पावसाळ्यात कोसळू लागल्या. मग १९६९ च्या कायद्यानं दुरुस्ती मंडळ आलं आणि जुन्या इमारतींवर दुरुस्तीचा उपकर बसला. गिरणगावात आणि गिरगावात ‘आमची बिल्डिंग सेसची’ असं जे म्हणतात, तो हा सेस. सुरुवातीला अशा १९,६४२ इमारती होत्या. माझ्या मते गाठीच्या रुपयानंतर मुंबईला मिळालेला घरांचा खरा कायमस्वरूपी निधी हाच. भाडेकरू दरमहा थोडे पैसे भरतो, सरकार आणि महापालिका त्यात भर घालतात आणि त्यातून दुरुस्ती होते. रक्कम अपुरी ठरली, मंडळाच्या कामाबद्दल तक्रारी झाल्या, ते वेगळं. घरासाठी गोळा केलेला पैसा घरावरच खर्च व्हावा, ही रचना मात्र कायद्यात आली.

ऐंशीचं दशक या आढाव्यात सर्वांत गजबजलेलं आहे. १९७६ चा नागरी जमीन कमाल धारणा कायदा कागदावर होता. मुंबईत एका मालकाला ५०० चौरस मीटरच्या वर मोकळी जमीन ठेवता येत नव्हती, जास्तीची जमीन सरकारनं घेऊन घरांसाठी द्यायची होती. सवलतींच्या कलमांमधून बहुतेक जमीन निसटली. तरीही मृणाल गोरे आणि बाबूराव सामंत यांच्या नागरी निवारा परिषदेनं हा कायदा हातात घेऊन वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, गोरेगावला दिंडोशीत जमीन मिळवली आणि सहा हजारांच्या आसपास घरं सहकारी तत्त्वावर उभी केली. जमीन स्वस्त मिळाली आणि मधला नफा काढून टाकला, तर सामान्य पगारदार स्वतःच्या पैशांत घर बांधू शकतो, हे तिथं दिसलं. हा कायदा महाराष्ट्रानं २००७ मध्ये रद्द केला. केंद्राच्या नेहरू नागरी पुनरुत्थान अभियानाचा निधी हवा, तर तो रद्द करणं ही एक अट होती. रस्ते-पाण्याच्या पैशासाठी आपण घरांची जमीन सोडून दिली.

१९८५ हे वर्ष तर सगळ्याच बाजूंनी महत्त्वाचं. जुलैमध्ये फुटपाथवासीयांच्या ओल्गा टेलिस खटल्याचा निकाल आला. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, पण फुटपाथवरून हटवणंही कायदेशीर ठरवलं. तत्त्व जिंकलं, झोपडी हरली. त्याच वर्षी जागतिक बँकेच्या कर्जावरचा मुंबई नागरी विकास प्रकल्प सुरू झाला. चारकोप-गोराईला आखून दिलेले छोटे भूखंड, अंगणाभोवती घरांचे पुंजके, पाणी आणि गटारं आधी, घर ज्यानं त्यानं ऐपतीनुसार बांधायचं. मोठे आणि व्यापारी भूखंड चढ्या दरानं विकून लहान भूखंड स्वस्तात द्यायचे. आज चारकोपला गेलं की त्या भूखंडांवर दोन-तीन मजली नांदती घरं दिसतात. कर्जाचा काळ संपला तशी ही पद्धतही संपली. डिसेंबरात काँग्रेसच्या शताब्दीसाठी मुंबईत आलेल्या राजीव गांधींनी शहराच्या घरांसाठी १०० कोटी रुपये जाहीर केले, धारावीसाठीचा वाटा त्यातलाच. दिल्लीहून मुंबईतल्या गरिबांच्या घरांसाठी थेट रोख पैसा येण्याचे असे प्रसंग हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

आणि याच वर्षांमध्ये भायखळ्याच्या फुटपाथवरच्या बायकांनी रोज एक-दोन रुपये साठवायला सुरुवात केली. स्पार्क ही संस्था, महिला मिलन आणि जॉकिन अर्पुथम यांचा राष्ट्रीय झोपडीवासी महासंघ यांचं हे एकत्रित काम. त्याची थोरवी सांगताना आपण बचतीच्या रकमेपाशी थांबतो, ते चूक आहे. त्या बायकांच्या पासबुकात घराएवढे पैसे कधीच जमणार नव्हते. पण बँकेच्या दारात उभं राहताना त्यांच्याकडे एक कागद होता: इतकी वर्षं, इतक्या बायका, इतकी रक्कम, एकही हप्ता न चुकवता. कर्ज मागण्याचा हक्क त्यांनी शब्दांनी नव्हे, नोंदींनी मांडला. मानखुर्दचं मिलन नगर त्यातूनच उभं राहिलं. पुढे २००२ पासून ब्रिटिश आणि स्वीडिश सरकारांच्या मदतीनं एक निधी तयार झाला, जो वस्तीच्या संस्थांना बांधकाम सुरू करण्यापुरतं मधल्या काळाचं कर्ज आणि हमी देत असे. गरिबांच्या प्रकल्पात नफ्याआधी तोटा येतो आणि तो सोसायला कुणीतरी लागतं, ही गोष्ट त्या निधीनं ओळखली. या संस्था सरकारच्या आणि जागतिक बँकेच्या फार जवळ गेल्या, अशी टीका इतर चळवळींनी केली. तिच्यात तथ्य आहे. पण पैशाचा प्रश्न पैशाच्या भाषेत मांडणारे मुंबईत पहिले तेच होते.

यानंतर १९९५ आलं आणि सगळा हिशेब बदलला.

शिवसेना-भाजप युतीचं सरकार ४० लाख झोपडीवासीयांना मोफत घरं द्यायचं वचन देऊन सत्तेवर आलं. तिजोरीतून एवढा खर्च शक्य नव्हता. अफझलपूरकर समितीनं मार्ग सुचवला: जमीन झोपड्यांखालचीच, पैसा बिल्डरचा, आणि बिल्डरला मोबदल्यात जादा चटई क्षेत्र (एफएसआय), म्हणजे त्याच जमिनीवर जास्त बांधकामाची परवानगी. त्यानं झोपडीवासीयांना २२५ चौरस फुटांची घरं मोफत बांधून द्यायची आणि उरलेलं बांधकाम बाजारात विकायचं. १९९१ च्या योजनेत हीच कल्पना छोट्या रूपात होती, झोपडपट्टी पुनर्वसन (झोपु) प्राधिकरणानं तिला पूर्ण यंत्रणा दिली. पुढे घर २६९ आणि मग ३०० चौरस फुटांचं झालं.

या कल्पनेत एक मोह आहे आणि तो समजून घेतला पाहिजे. अर्थसंकल्पात एक रुपयाही न टाकता घर देता येतं. चटई क्षेत्र हेच चलन झालं आणि ते सरकार हवं तितकं छापू शकतं. त्यामुळे उपकरप्राप्त इमारतींना तेच औषध, हाउसिंग बोर्डाची वारस असलेल्या म्हाडाच्या वसाहतींना तेच, बीडीडीला तेच, धारावीला तेच. तीस वर्षांत घरांच्या प्रत्येक प्रश्नावर एकच उत्तर आलं: एफएसआय वाढवा.

पण हे चलन वटतं फक्त तिथं, जिथं महाग घर विकलं जातं. वांद्र्याची, वरळीची झोपडपट्टी बिल्डरला हवी असते. गोवंडी-मानखुर्दला विक्रीचा दर चढत नाही, त्यामुळे सर्वांत गरजू वस्ती रांगेत सर्वांत मागे. बाजार थंडावला की काम थांबतं. कुटुंबं ट्रान्झिट कॅम्पात किंवा भाड्याच्या खोलीत आणि बिल्डरकडून येणारं भाडं बंद. हे इतकं वाढलं की शेवटी प्राधिकरणाला दोन वर्षांचं भाडं आगाऊ जमा करायची अट घालावी लागली. माझ्या ओळखीच्या एका घरातला मुलगा ट्रान्झिट कॅम्पात जन्मला आणि तिथूनच दहावी झाला. त्याच्या शाळेच्या दाखल्यावर कायमचा पत्ता म्हणून पाडलेल्या चाळीचंच नाव होतं. ४० लाख माणसांना घर द्यायचं वचन होतं. तीन दशकांत तयार झालेली पुनर्वसनाची घरं तीन लाखांच्याही आत आहेत. २०११ च्या जनगणनेत मुंबईतल्या दर दहांपैकी चार माणसं झोपडपट्टीत होती. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं झोपडपट्टी कायद्याच्या अंमलबजावणीचं परीक्षण करायला मुंबई उच्च न्यायालयाला सांगितलं. त्याखालची १,६०० हून अधिक प्रकरणं उच्च न्यायालयात पडून आहेत, हे त्याच निकालात आलं.

मोफत घराचा पुढचा खर्च तर हिशेबात धरलेलाच नसतो. झोपु योजनेत देखभालीसाठी बिल्डरनं घरामागे ४० हजार रुपये जमा करायचे, असा नियम होता; त्याआधी ही रक्कम २० हजार होती. सहा टक्के व्याज धरलं तर ४० हजारांचे महिन्याला दोनशे रुपये होतात. वीस मजली इमारतीची लिफ्ट, पंप, पाण्याची टाकी, जिन्यातला दिवा यांचा खर्च दोनशे रुपयांत भागत नाही. मग लिफ्ट बंद पडते, म्हातारी माणसं वर अडकतात आणि ज्याला देखभालीचा खर्च झेपत नाही तो घर भाड्यानं देऊन पुन्हा झोपडीत जातो. ‘फुकट मिळालं आणि विकून गेले’ असं आपण सहज म्हणतो. त्या दोनशे रुपयांचा हिशेब मांडला तर हे बोलणं किती अन्यायाचं आहे ते कळतं. मोकळी जागा कमीत कमी ठेवून घरं जास्तीत जास्त बसवायची, ही पद्धतही याच अर्थकारणातून आली. मानखुर्दच्या पुनर्वसन वसाहतींमध्ये ऊन आणि हवा न पोचणाऱ्या खालच्या मजल्यांवर क्षयरोग जास्त आढळतो, हे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानं समोर आणलं.

गिरण्यांच्या जमिनीचं प्रकरण इथं सोडून पुढे जाता येत नाही. १९९१ च्या नियमावलीतल्या ५८ व्या नियमानं गिरणीची जमीन विकसित करताना एक तृतीयांश महापालिकेला, एक तृतीयांश म्हाडाला आणि उरलेली मालकाला, अशी विभागणी केली. सुमारे ५८ गिरण्या, शहराच्या ऐन मध्यावर. २००१ मध्ये एका दुरुस्तीनं ही विभागणी फक्त मोकळ्या जमिनीला लागू केली. जिथं शेड उभी तिथला वाटा गेला. उच्च न्यायालयानं दुरुस्तीविरुद्ध निकाल दिला, मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो फिरवला. एका ओळीच्या फेरफारानं शहराच्या घरांचा जो निधी गेला, त्याची बरोबरी आजवरचं कुठलंही अनुदान करू शकलेलं नाही. गिरणी कामगारांचे नेते दत्ता इस्वलकर आणि त्यांच्या साथीदारांनी चिकाटीनं लढून उरलेल्या तुकड्यावर कामगारांचा हक्क मान्य करून घेतला. २०१२ मध्ये ६,९२५ घरांची सोडत निघाली, साडेसात लाखांना २२५ चौरस फूट. घरासाठी एकूण अर्ज होते पावणेदोन लाखांच्या आसपास. आता वारसांना मुंबईपासून दूर शेलू आणि वांगणीची घरं दाखवली जातात. जुलै २०२५ मध्ये ते आझाद मैदानावर बसले ते याचसाठी: ज्या जमिनीवर आमच्या बापानं राबून आयुष्य काढलं, घर तिथंच द्या.

केंद्राच्या मदतीबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, कारण मुंबईत ती पोचतच नाही. पंतप्रधान आवास योजनेत परवडणाऱ्या प्रकल्पातल्या घराला केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख मिळतो. उंच इमारतीत ३०० चौरस फुटांचं घर बांधायचं, तर जमिनीची किंमत शून्य धरली तरी अडीच लाख पुरत नाहीत. एक टक्का जीएसटीसाठी ‘परवडणारं’ घर म्हणजे ४५ लाखांपर्यंतचं. या व्याख्येत मुंबई बेटावरचं जवळपास काहीच बसत नाही. म्हाडाची सोडत हा उरलेला दिलासा. २०२३ मध्ये मुंबईत ४,०८२ घरांसाठी लाखाहून अधिक अर्ज आले आणि त्याच सोडतीत ताडदेवचं एक घर सात कोटींच्या वर होतं.

मग पैसा आहे का? आहे, आणि तो घरांमधूनच येतो. २०२४ या एका वर्षात मुंबईत १ लाख ४० हजारांवर मालमत्तांची नोंदणी झाली आणि मुद्रांक शुल्कातून राज्याला १२ हजार कोटींच्या वर रक्कम मिळाली. मुंबईत हे शुल्क सहा टक्के आहे. त्यातला एक टक्का २०२२ पासून मेट्रोसारख्या वाहतूक प्रकल्पांसाठीचा अधिभार म्हणून घेतला जातो. म्हणजे घराच्या व्यवहारावर एखाद्या कामासाठी राखीव अधिभार लावता येतो, तो वसूल होतो आणि त्यासाठी आकाश कोसळत नाही, हे सरकारनंच दाखवून दिलं आहे. तो एक टक्का ढोबळमानानं वर्षाला दोन हजार कोटी होतो. इतकाच एक टक्का, आणि तोही फक्त मोठ्या किमतीच्या व्यवहारांवर जरा चढा, घरांसाठी राखून ठेवला आणि घरामागे वीस लाखांची मदत धरली तर वर्षाला दहा हजार घरांना आधार मिळतो. म्हाडाच्या मुंबईतल्या सोडतीत निघणाऱ्या घरांपेक्षा हा आकडा दुपटीहून मोठा आहे. लॉस एंजेलिसमध्ये २०२२ च्या मतदानात नागरिकांनी ५० लाख डॉलरच्या वरच्या मालमत्ता विक्रीवर असाच कर मंजूर केला. भाडेकरू संघटना आणि कामगार संघटनांनी मिळून तो प्रस्ताव तयार केला होता. त्या करामुळे मोठे व्यवहार मंदावले असा आक्षेप तिथं घेतला जातो आणि तो तपासून पाहिला पाहिजे. म्हणूनच दर आणि मर्यादा नीट ठरवायला हव्यात.

महापालिकेचं २०२५-२६ चं अंदाजपत्रक ७४ हजार कोटींच्या वर आहे. त्यात रस्ते, सागरी किनारा मार्ग, मलनिस्सारण प्रकल्प यांचे आकडे ठळक दिसतात. सफाई कामगारांच्या वसाहतींसारखी कामं सोडली तर गरिबांच्या घरासाठी तिथं स्वतःचं असं ठसठशीत लेखाशीर्ष नाही. २०३४ च्या विकास आराखड्यात दहा लाख परवडणाऱ्या घरांचं लक्ष्य आहे. त्या आराखड्यावर वस्त्यावस्त्यांमधून हरकती गेल्या, ‘हमारा शहर’ मोहिमेनं कार्यशाळा घेतल्या, २०१५ चा पहिला मसुदा मागे घ्यावा लागला. केवढं मोठं यश! पण आराखड्यात जागा रंगवली की लढाई संपली असं आपण धरलं. मार्चमध्ये अंदाजपत्रक मंजूर होतं तेव्हा सभागृहाबाहेर कुणी उभं नसतं. चळवळींचा दोष काढावा म्हणून हे लिहीत नाही. बुलडोझर दारात असताना अंदाजपत्रकाची पानं चाळायला कुणाला फुरसत असते? पात्र-अपात्रांची यादी म्हणजेच परिशिष्ट-२, झोपडी किती जुनी हवी हे ठरवणारी कटऑफची तारीख यांतच माणसं पिचून जातात. सरकारनं लढाईचं मैदानच तसं आखलं आहे.

मे २०२५ मध्ये राज्याचं नवं गृहनिर्माण धोरण आलं. ‘माझे घर माझे अधिकार’ हे त्याचं नाव. २०३० पर्यंत ३५ लाख घरं, ७० हजार कोटींची गुंतवणूक आणि २० हजार कोटींचा ‘महाआवास निधी’. पुष्कळ वर्षांनी निधी हा शब्द सरकारी कागदावर आला, याचा मला मनापासून आनंद आहे. आता मागणी नेमकी करायला हवी. हा निधी कायद्यानं बांधलेला असावा, दरवर्षीच्या पुरवणी मागण्यांवर अवलंबून नसावा. त्यात मुद्रांक शुल्काचा ठरावीक हिस्सा आणि जादा चटई क्षेत्रासाठी बिल्डर भरतात त्या अधिमूल्याचा हिस्सा आपोआप जमा व्हावा. २०२१ मध्ये जशी अधिमूल्यात निम्म्यानं सवलत दिली गेली, तशी सवलत पुन्हा द्यायची झाली तर निधीची तूट सरकारनं भरून द्यावी. पहिला खर्च व्हावा तो भाड्याच्या घरांवर आणि देखभालीवर, जे चटई क्षेत्राच्या चलनात कधीच बसत नाहीत. २००८ च्या एमएमआरडीएच्या भाडेघर योजनेतल्या १६० चौरस फुटांच्या खोल्या भाडेकरूंऐवजी इतरांच्याच कामी आल्या, तसं पुन्हा होऊ नये म्हणून निधीतून बांधलेलं घर विकता येणार नाही अशी अट आधीच असावी.

ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळीतल्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या जागी ५०० चौरस फूट, बांधणारी म्हाडा, पैसा विक्रीच्या इमारतींमधून. शंभर वर्षांपूर्वी गाठीच्या रुपयावर उभ्या राहिलेल्या भिंती पाडून तिथल्या भाडेकरूंच्या नातवंडांना चाळिसाव्या मजल्यापर्यंत नेणारी लिफ्ट मिळाली. ती लिफ्ट वीस वर्षांनी बदलावी लागेल. तेव्हाचा खर्च कुठल्या लेखाशीर्षाखाली पडणार, हे महाआवास निधीच्या नियमांमध्ये आजच लिहायला हवं. आणि ते नियम ठरवणाऱ्या मंडळावर एक जागा ट्रान्झिट कॅम्पात राहणाऱ्या बाईसाठी राखायला हवी.